रकाना कोणी ठरवायचा?

केसपेपरवर १५०/९० असे दोन आकडे लिहिलेले असतात. लिहिणाऱ्या डॉक्टरला तेवढे पुरते, कारण रुग्ण समोर बसलेला असतो. तो आत्ताच जिना चढून आला आहे, त्याचा दंड जाड आहे आणि हाताशी लहानच पट्टा होता, हे सगळे दिसत असते. तेच आकडे दुसऱ्या गावच्या रुग्णालयात पोहोचले की हे संदर्भ गळून पडतात. दंडाच्या मानाने लहान पट्टा बांधला तर रक्तदाब असतो त्यापेक्षा जास्त दिसतो. म्हणजे पट्ट्याची नोंद राहून गेली एवढ्यावरून एखाद्याला नको असलेली गोळी सुरू होऊ शकते. अशा नोंदीत काय काय असावे, प्रत्येक गोष्टीला काय म्हणावे, ती कोणत्या एककात मोजावी आणि तिचा इतर गोष्टींशी संबंध काय, याविषयी अनेकांनी मिळून केलेला लेखी करार म्हणजे सामायिक डेटा मॉडेल. आरोग्यक्षेत्रात असे करार लिहायला, तपासायला आणि जाहीर करायला खास सॉफ्टवेअर वापरले जाते. ओपनईएचआर या आंतरराष्ट्रीय समुदायाचे ‘क्लिनिकल नॉलेज मॅनेजर’, म्हणजेच सीकेएम, हे त्याचे एक ठळक उदाहरण.

अशा साधनाकडे बहुतेक जण तांत्रिक सोय म्हणून पाहतात. माझ्या मते ते सार्वजनिक निर्णयाचे ठिकाण आहे. परिपूर्ण मॉडेल कोणालाच बनवता येत नाही. त्यामुळे ते बदलण्याची वाट किती उघडी आहे आणि प्रत्येक बदलाचा हिशेब ठेवला जातो का, यावर त्याची किंमत ठरते. याच्या विरोधातली भूमिका मला गंभीर वाटते, आणि रुग्ण तपासणारे अनेक जण ती मनापासून मांडतात. ती इथे ‘डॉक्टर’ या नावाने पूर्ण जोराने मांडली आहे. उत्तरे लेखकाची आहेत.

डॉक्टर: तुम्ही करार म्हणता, आम्हाला मात्र तो रकान्यांचा ढीग म्हणून भेटतो. ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटे येतात. त्यातली निम्मी पडद्यावर क्लिक करण्यात गेली तर रुग्णाकडे कधी बघायचे? आणि रुग्ण रकान्यांत बोलत नाही. ‘छातीत जड वाटतं, पण नुसतं चढावर, आणि मुलीचं लग्न ठरल्यापासून जास्तच,’ या एका वाक्यात निदानाचे दोन-तीन धागे असतात. तुमचे मॉडेल त्यातून ‘छातीत दुखणे: होय’ एवढेच उचलते. आजाराची हकीकत सलग ऐकायची असते. तिचे तुकडे केले की नोंद नीटनेटकी होते आणि माणूस हरवतो. शिवाय रकाना समोर आला की तो भरावा लागतो. माहीत नसले तरी काहीतरी भरले जाते. कोऱ्या केसपेपरपेक्षा खोटा भरलेला फॉर्म जास्त घातक.

लेखक: तुमचे शेवटचे वाक्य मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच फॉर्म आणि मॉडेल यांत फरक करायला हवा. ओपनईएचआरमध्ये एका संकल्पनेच्या मॉडेलला ‘आर्किटाइप’ म्हणतात. रक्तदाबाचा आर्किटाइप उघडून पाहा. वरचा दाब, खालचा दाब, सरासरी धमनीदाब हे आकडे त्यात आहेतच. त्याशिवाय रुग्ण उभा होता, बसला होता की आडवा, पट्टा कोणत्या मापाचा, शरीराच्या कोणत्या भागावर मोजले, स्टेथोस्कोपने ऐकून की यंत्राने, खालचा दाब पट्टा सैल होताना ऐकू येणाऱ्या कोरोटकॉफ ध्वनींच्या चौथ्या टप्प्यावर धरला की पाचव्या, यांनाही जागा आहे. स्थितीच्या पर्यायांत ‘डाव्या कुशीकडे थोडे कलून झोपलेली’ असाही एक पर्याय आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत स्त्री उताणी झोपली की गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतो, म्हणून तिला असे कलून झोपवतात. हा पर्याय संगणकाच्या माणसाला सुचणारा नाही. प्रसूतिकक्षातले ज्ञान मॉडेलमध्ये आल्याची ती खूण आहे. आणि यातला एकही रकाना सक्तीचा नाही. आर्किटाइपमध्ये संभाव्य ते सगळे ठेवायचे आणि प्रत्यक्ष कामासाठी त्यातून ‘टेम्पलेट’ कापून घ्यायचे, अशी ही पद्धत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेम्पलेटमध्ये दोन आकडे आणि पट्ट्याचे माप एवढेच ठेवता येते, अतिदक्षता विभाग त्याच मॉडेलमधून वेगळे टेम्पलेट काढू शकतो. तुमच्यासमोर येणारा रकान्यांचा ढीग हा वाईट टेम्पलेटचा, बहुतेक वेळा खरेदी करणाऱ्या व्यवस्थापनाच्या हट्टाचा परिणाम आहे. मॉडेल तो लादत नाही.

राहिली हकीकत. तिच्यासाठी मोकळ्या मजकुराची जागा मॉडेलमध्ये असतेच, असायलाच हवी. आपल्याकडच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने एचएल७ संस्थेचे एफएचआयआर, बोलीत ‘फायर’, हे आरोग्य-माहितीच्या देवाणघेवाणीचे मानक स्वीकारले आहे. त्याचे भारतीय नमुने पुण्याच्या सी-डॅकमधील राष्ट्रीय केंद्र तयार करून प्रसिद्ध करते. बाह्यरुग्ण तपासणी, औषधचिठ्ठी, तपासणी अहवाल, डिस्चार्ज सारांश, लसीकरण यांच्या नमुन्यांबरोबर त्यात जुन्या, रचना नसलेल्या कागदपत्रांसाठीही एक स्वतंत्र नमुना आहे. हाताने लिहिलेल्या जुन्या केसपेपरची स्कॅन केलेली प्रत त्यात जशीच्या तशी जाऊ शकते. हकीकत टाका आणि रकाने भरा, असे कोणी म्हणत नाही. मागणी एवढीच की ज्या गोष्टी दुसऱ्या डॉक्टरला, दुसऱ्या यंत्राला अचूक कळायला हव्यात, त्यांना सर्वांना ठाऊक असलेली जागा असावी.

डॉक्टर: मग मूळ प्रश्नाकडे येऊ. ती जागा ठरवणारे कोण? तंबाखूचे घ्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय एफएचआयआर नमुन्यांत धूम्रपानासाठी खास नमुना आहे, कारण त्यांचा प्रश्न सिगारेटचा आहे. तो आपण तसाच उचलला तर काय होईल? २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि धूर न करता तंबाखू घेणारे २४.४ टक्के. बायकांमध्ये तर धूम्रपान १.४ टक्के आणि बाकीची तंबाखू १६.६ टक्के. मिश्री लावणारी बाई, खर्रा खाणारा मजूर, तंबाखू-चुना मळणारा शेतकरी या सगळ्यांपुढे ‘धूम्रपान: नाही’ अशी नोंद होईल. नोंद बरोबर, पण तोंडाच्या कर्करोगाचा धोका नजरेआड. आणि एकदा रकाना नाही म्हटले की आकडेवारी नाही, आकडेवारी नाही म्हणून योजना नाही. मॉडेल ही सत्ता आहे. ज्याच्या हातात संपादनाचे बटण, तो ठरवणार कोणाचा आजार दिसेल. जागतिक आरोग्य संघटनेचे रोगवर्गीकरण, म्हणजे आयसीडी, आठवा. आयसीडीच्या नवव्या आवृत्तीपर्यंत समलैंगिकता मनोविकारांच्या यादीत होती. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ती आपल्या यादीतून १९७३ मध्ये काढायचे ठरवले. आयसीडीतून ती जायला १७ मे १९९० उजाडला. मधली वर्षे किती माणसांनी यादीतल्या त्या एका ओळीचे ओझे वाहिले?

लेखक: मॉडेल ही सत्ता आहे, हे तुमचे म्हणणे मी माझ्या बाजूचा पुरावा म्हणून घेतो. सत्ता असेल तर तिचा कारभार कुठे चालतो हे दिसले पाहिजे. सामायिक मॉडेल नको म्हटले तर रकाने ठरवणे थांबत नाही. प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनी, प्रत्येक रुग्णालय ते आपापल्या खोलीत ठरवते. तिथे तंबाखूचा रकाना का नाही, हे विचारायला जागा नसते. कोणी, कधी, कोणत्या कारणाने तो वगळला याचा कागदही नसतो. म्हणून निवड दोन सत्तांमध्ये आहे. एक बंद खोलीतली, दुसरी उघड्यावरची.

उघड्यावरची सत्ता कशी चालते ते सीकेएममध्ये पाहता येते. मॉडेल आधी मसुदा म्हणून येते. मग ते परीक्षणाला जाते. निरनिराळ्या देशांतले डॉक्टर, परिचारिका, माहितीतज्ज्ञ एकेका घटकावर अभिप्राय आणि शेवटी एकूण मत देतात: स्वीकार, किरकोळ बदल, मोठा बदल की नकार. संपादक त्या मतांचा मेळ घालतात, पुन्हा फेरी होते आणि सहमती झाल्यावरच ‘प्रकाशित’ असा शिक्का बसतो. प्रकाशनानंतरही बदलाची सूचना नोंदवता येते, फेरविचार होऊ शकतो. सहभागी झालेल्यांची नावे मॉडेलच्या पोटातच राहतात. तुम्ही दिलेले तंबाखूचे उदाहरण इथेच तपासा. ओपनईएचआरमध्ये धूम्रपानाचा आर्किटाइप वेगळा आहे आणि धूरविरहित तंबाखूचा वेगळा. ज्या समुदायात जगभरातून माणसे येऊन मॉडेल वाचतात, तिथे एका देशाची सवय सगळ्या जगाची मानली जाण्याची शक्यता घटते. ती संपत नाही, पण घटते. आणि चूक राहिलीच तर ती दाखवण्यासाठी बोट ठेवायला एक जागा असते.

आयसीडीचा इतिहासही हेच सांगतो. नववी आणि दहावी आवृत्ती प्रामुख्याने तज्ज्ञांच्या बैठकांत आणि छापील खंडांत घडल्या. अकराव्या आवृत्तीचे काम २००७ पासून सुरू झाले, आणि पुढे त्यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रोटेजे या साधनावर उभारलेले वेब-सॉफ्टवेअर वापरले गेले. वेगवेगळ्या खंडांतले तज्ज्ञ एकाच मॉडेलवर एकाच वेळी काम करत होते आणि प्रत्येक बदलाची नोंद होत होती. नोंदणी करून कोणालाही सूचना मांडता येईल असे व्यासपीठही उभे राहिले. जागतिक आरोग्य परिषदेने २०१९ मध्ये ही आवृत्ती स्वीकारली, १ जानेवारी २०२२ पासून ती लागू झाली. पारलिंगी व्यक्तींशी संबंधित नोंद तिच्यात मनोविकारांच्या प्रकरणातून बाहेर पडून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात गेली. हा बदल सॉफ्टवेअरने घडवला असे मी म्हणणार नाही. तो चळवळींनी आणि संशोधनाने घडवला. पण वर्गीकरणात चूक असेल तर ती कोणत्या ओळीत आहे हे नेमके दाखवणे, पर्यायी ओळ लिहून देणे आणि निर्णय होईपर्यंत त्याचा माग ठेवणे, हे काम अशा साधनामुळे कितीतरी जास्त माणसांच्या आवाक्यात येते.

डॉक्टर: आवाक्यात येते हे कागदावर. प्रत्यक्षात कोण येते? परीक्षणाच्या फेऱ्या इंग्रजीत चालतात. त्यांना वेळ देणारे म्हणजे मोठ्या रुग्णालयांचे माहितीतज्ज्ञ आणि कंपन्यांचे पगारी लोक. गडचिरोलीतल्या वैद्यकीय अधिकाऱ्याने किंवा नर्सताईने रात्री उशिरा सीकेएम उघडून मत नोंदवावे, ही अपेक्षा मला क्रूर वाटते. आयसीडी-११ मध्ये आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी पद्धतींच्या संज्ञांचा विभाग आला आणि २०२४ च्या जानेवारीत नवी दिल्लीत तो जाहीर झाला. त्यामागे भारत सरकार उभे होते. संज्ञा यादीत आली म्हणून उपचार सिद्ध झाला असे नव्हे, तो वाद वेगळा. मुद्दा असा की सरकारने मनावर घेतले तर दार उघडते. एकट्या डॉक्टरला ते उघडे असूनही बंदच असते. उघड्या दाराचे कौतुक त्यातून आत जाऊ शकणाऱ्यांनीच करावे.

लेखक: या आक्षेपापुढे माझी भूमिका सर्वांत जास्त बदलावी लागते, आणि ती मी बदलतो. उघडेपणा म्हणजे नुसती परवानगी नव्हे. सहभागाचा खर्च कोण उचलतो, हा त्यातला अर्धा प्रश्न आहे. नॉर्वेने तो ओळखला. त्यांनी स्वतःचे राष्ट्रीय सीकेएम चालवले, मॉडेलांच्या देखरेखीसाठी राष्ट्रीय व्यवस्था नेमली, आरोग्यसेवेतल्या माणसांना परीक्षणात ओढले आणि आर्किटाइप आपल्या भाषेत आणले. तांत्रिकदृष्ट्या यात अडचण नाही, कारण एका आर्किटाइपमध्ये अनेक भाषांतले मजकूर शेजारी-शेजारी राहू शकतात. आतला सांकेतिक क्रमांक एकच राहतो, वाचणाऱ्याची भाषा बदलते. धूरविरहित तंबाखूच्या मॉडेलमध्ये मिश्री आणि खर्रा हे शब्द मराठीत असतील, तर ते मॉडेल बरोबर आहे की नाही हे नर्सताई एका नजरेत सांगू शकेल. ज्या प्रश्नाचे उत्तर तिला पाठ आहे, तो प्रश्नच आज तिच्यापर्यंत तिच्या भाषेत पोहोचत नाही. त्यामुळे राज्य पातळीवर मॉडेल वापरात आणताना परीक्षणाचा वेळ हा कामाचा वेळ धरला जावा, त्याचे मानधन असावे, आणि संपूर्ण साधन शिकण्याची सक्ती न करता चार ओळींचा अभिप्राय मराठीत देता यावा. तो साधनात नोंदवण्याचे काम पगारी संपादकाचे. ही मागणी साधनाच्या विरोधात जात नाही. साधनाने दिलेले वचन खरे करण्यासाठी ती आहे.

डॉक्टर: समजा हे सगळे झाले. मग दुसरे संकट. शंभर ठिकाणांहून सूचना येणार, मॉडेल सतत बदलणार. मागच्या वर्षीची नोंद यंदाच्या मॉडेलने वाचायची कशी? औषधाच्या डोसाच्या रकान्याचा अर्थ मध्येच बदलला तर जीव जाईल. छापलेला फॉर्म निदान स्थिर तरी असतो.

लेखक: म्हणूनच संपादन आणि प्रकाशन या दोन वेगळ्या कृती आहेत, आणि त्या वेगळ्या ठेवणे हे चांगल्या साधनाचे पहिले लक्षण. मसुद्यात हवी तेवढी उलथापालथ चालू द्या. ती कोणाच्याही रुग्णाला स्पर्श करत नाही. प्रकाशन म्हणजे जाहीर हमी: या क्रमांकाच्या आवृत्तीचा अर्थ यापुढे बदलणार नाही. ओपनईएचआरमध्ये आवृत्तीला तीन भागांचा क्रमांक असतो. टायपिंगमधली चूक सुधारली तर शेवटचा आकडा वाढतो, जुन्याला धक्का न लावता नवा पर्याय जोडला तर मधला, आणि जुन्या नोंदींशी सुसंगती तुटणार असेल तर पहिला. पहिला आकडा बदलला की सगळ्यांना आधीच सावध होता येते. एफएचआयआरच्या नमुन्यांवरही मसुदा, चालू, निवृत्त अशी स्थिती लिहिलेली असते. जनुकांच्या कार्याचे वर्गीकरण करणाऱ्या जीन ऑन्टॉलॉजी प्रकल्पात १९९८ पासून हजारो संज्ञा आल्या आणि अनेक बादही झाल्या. तिथे बाद संज्ञा पुसली जात नाही. तिच्यावर ‘कालबाह्य’ अशी खूण होते, पर्यायी संज्ञा असेल तर तिचा क्रमांक लिहिला जातो आणि जुना क्रमांक पुन्हा कोणत्याही दुसऱ्या अर्थाला दिला जात नाही. छापील फॉर्म स्थिर दिसतो, पण त्याच्या समासात प्रत्येक दवाखाना आपापली खूण करतो आणि त्या खुणांचा अर्थ त्या दवाखान्याबाहेर कोणालाच कळत नाही. बदल दोन्हीकडे होतो. एकीकडे त्याची नोंद राहते, दुसरीकडे नाही.

डॉक्टर: शेवटचा आक्षेप, आणि आज तो सर्वांत जास्त ऐकू येतो. कृत्रिम बुद्धिमत्ता आता मोकळा मजकूर वाचून त्यातून हवे ते काढून देते. मी बोलावे किंवा लिहावे, यंत्राने रकाने भरावेत. मग मॉडेलवर एवढा घाम कशाला गाळायचा?

लेखक: यंत्राने तुमचे टंकन वाचवले तर मला आनंदच आहे. तुमच्या पहिल्या आक्षेपातला वेळेचा भाग त्याने सुटू शकेल. पण जे लिहिलेलेच नाही ते मजकुरातून काढता येत नाही. पट्ट्याचे माप नोंदवायचे असते हे कोणाच्या ध्यानी नसेल तर ते बोललेही जाणार नाही, आणि यंत्र एक तर गप्प बसेल किंवा अंदाज करील. दुसरे म्हणजे, काढलेली माहिती बरोबर आहे की नाही हे पडताळायला आधी ठरलेले काहीतरी लागते. ‘तंबाखू: नाही’ असे यंत्राने लिहिले, तेव्हा त्यात मिश्री धरली होती की नाही हे कशावरून कळणार? त्यासाठी तंबाखू म्हणजे काय काय, हे माणसांनी उघडपणे ठरवून प्रसिद्ध केलेले हवे. यंत्रे जितकी जास्त रकाने भरू लागतील, तितका रकान्याच्या अर्थाचा करार महत्त्वाचा होईल. नाहीतर तो अर्थही यंत्र बनवणारी कंपनीच ठरवेल, तीही बंद खोलीत.

डॉक्टर, तुमच्या आक्षेपांनी माझा निष्कर्ष खोडला नाही, पण त्याला अटी जोडल्या. त्या मी स्वीकारतो. ज्या मॉडेलचे पालन सरकार किंवा संस्था सक्तीचे करते, ते पैसे न मोजता कोणालाही वाचता आले पाहिजे. त्यात बदल सुचवण्याचा हक्क ते वापरणाऱ्या प्रत्येकाला, त्याच्या भाषेत, त्याच्या कामाच्या वेळेत मिळाला पाहिजे. प्रत्येक सूचनेला उत्तर मिळाले पाहिजे, आणि नाकारली असेल तर कारणासह ते उत्तर कायम नोंदले गेले पाहिजे. प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीचा अर्थ गुपचूप बदलता कामा नये. या अटी पाळण्याइतकी साधने आज तयार आहेत. कमतरता आहे ती त्यांवर माणसे नेमण्याच्या, वेळ देण्याच्या आणि भाषा आणण्याच्या निर्णयाची. पुण्यात राष्ट्रीय केंद्र असलेल्या राज्याने तो निर्णय आधी घ्यावा. नवी आरोग्यप्रणाली विकत घेताना निविदेत पडद्यांची आणि अहवालांची यादी असते. तिच्या वरच, पहिल्या कलमात, हा प्रश्न लिहिलेला असावा: हिच्यातले मॉडेल कोण बदलू शकते, आणि बदलल्याचे आम्हाला कसे कळेल? या प्रश्नाचे उत्तर न देणारी प्रणाली कितीही स्वस्त असली तरी सार्वजनिक पैशाने घेऊ नये.